वाट पाहण्याचा धोका : साथीच्या काळातील बाह्यरुग्ण विभाग

साथीच्या काळात दवाखान्यात पाऊल टाकणे म्हणजे रोग ओढवून घेणे, ही समजूत २०२०च्या मार्चनंतर महाराष्ट्रात इतकी सर्वमान्य झाली की ती कितपत खरी आहे, कोणत्या परिस्थितीत खरी आहे आणि तिच्यापायी किती रुग्णांनी किती किंमत मोजली, याची चौकशी करण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. समजूत निराधार नव्हती, कारण संसर्गजन्य रोगाचा रुग्ण आधी जिथे जातो ते ठिकाण दवाखाना असते आणि तिथेच मधुमेहाची, रक्तदाबाची, गरोदरपणाची किंवा केवळ गुडघेदुखीची माणसेही बसलेली असतात. मात्र ‘दवाखाना’ या एका शब्दाखाली रांग, बाकडे, बंद खोली, डॉक्टरांचे टेबल, रक्ततपासणीची खिडकी अशा अनेक जागा येतात, आणि या सर्व जागांतील धोका सारखा नसतो. बाह्यरुग्ण विभागाचा, म्हणजे जिथे रुग्ण दाखल न होता तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परततो त्या ओपीडीचा, विचार करताना हा फरक ध्यानात घेतला नाही तर उपाय भलत्याच जागी केले जातात. २०२० साली पुष्कळ ठिकाणी तसेच झाले.

रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचा अभ्यास वैद्यकशास्त्रात जुना असला तरी तो मुख्यतः वॉर्डांचा, शस्त्रक्रियागृहांचा आणि अतिदक्षता विभागांचा अभ्यास आहे. याचे कारण सोपे आहे. दाखल झालेला रुग्ण डोळ्यांसमोर असतो, त्याला चौथ्या दिवशी ताप आला तर तो तक्त्यावर नोंदला जातो आणि शेजारच्या खाटेशी त्याचा संबंध जोडता येतो. ओपीडीच्या बाकावर अर्धा तास शेजारी बसलेली दोन माणसे मात्र आपापल्या वाटेने निघून जातात. त्यांपैकी एकाला आठवड्याने खोकला सुरू झाला तर तो गाडीतील गर्दीला, लग्नाच्या पंगतीला किंवा बदललेल्या हवेला दोष देतो आणि कदाचित दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. म्हणूनच बाह्यरुग्ण विभागात झालेला संसर्ग असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि ज्या थोड्या प्रसंगी तो स्पष्टपणे दिसला त्यांचे मोल अधिक आहे.

असा एक प्रसंग अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या डिकाल्ब परगण्यात फेब्रुवारी १९८१ मध्ये घडला. अंगावर गोवराचे पुरळ उठून दुसरा दिवस झालेला, जोरजोराने खोकणारा १२ वर्षांचा एक मुलगा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात आला आणि सुमारे तासभर तिथे राहिला. त्याच्यापासून पुढे सात जणांना गोवर झाला. त्यांपैकी चौघे प्रतीक्षागृहातून त्याच्या येण्याजाण्याच्या वेळी तिथे होते, पण त्या चौघांतही समोरासमोर, एक मीटरच्या आत आलेला एकच होता. उरलेले तिघे तर त्याच्याबरोबर एका खोलीत कधीच नव्हते आणि त्यांतला एक जण तो मुलगा निघून गेल्यावर तासाभराने दवाखान्यात पोहोचला होता. तपास करणाऱ्यांनी दवाखान्याची वातानुकूलन व्यवस्था पाहिली तेव्हा मुलाला तपासलेल्या खोलीतली हवा बाहेर न जाता पुन्हा इतर खोल्यांत खेळवली जात असल्याचे आढळले. रोगी गेला तरी त्याने सोडलेली हवा मागे राहते, ही गोष्ट त्या अहवालाने एका साध्या दवाखान्याच्या नकाशावर दाखवून दिली. गोवराचा विषाणू रोगी गेल्यानंतर दोन तासांपर्यंत बंद जागेच्या हवेत संसर्गक्षम राहू शकतो, हे आता पाठ्यपुस्तकातले विधान झाले आहे.

एका प्रसंगावरून प्रमाण सांगता येत नाही. त्यासाठी मोठ्या संख्येची आकडेवारी लागते, आणि ती अमेरिकेतील दोन अभ्यासांनी पुरवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात १९९६ ते २००८ या काळातील ८४,५९५ कुटुंबांची माहिती तपासली गेली. निरोगी बालकाला केवळ नियमित तपासणीसाठी किंवा लसीसाठी नेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्या बालकाला किंवा घरातल्या कोणाला फ्लूसारखा आजार होण्याची शक्यता सुमारे तीन टक्के-अंकांनी वाढलेली दिसली. २०२१ मधील दुसऱ्या अभ्यासाची मांडणी अधिक कल्पक होती. ज्या दिवशी दवाखान्यात फ्लूचा रुग्ण येऊन गेला त्याच दिवशी, त्याच्यानंतर आलेले इतर कामांचे रुग्ण दोन आठवड्यांत तशाच तक्रारी घेऊन परतण्याचे प्रमाण एरवीपेक्षा जवळपास एक-तृतीयांशाने जास्त निघाले. मूत्रमार्गाच्या संसर्गासारख्या, हवेतून न पसरणाऱ्या आजाराच्या बाबतीत मात्र अशी वाढ आढळली नाही. हा फरक सापडल्यामुळेच निष्कर्षाला वजन आले. अर्थात येथे वाढ एक-तृतीयांश असली तरी मुळातली संख्या हजारी हिशेबात मोजण्याइतकी लहान होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

लहान प्रमाणाचे मोठे रूप कधी होते, ते दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये अनुभवले. पश्चिम आशियातून परतलेला एक गृहस्थ मर्स या श्वसनरोगाने आजारी पडला आणि २० मे रोजी निदान होण्यापूर्वीच्या नऊ-दहा दिवसांत एकामागून एक अशा अनेक दवाखान्यांत आणि रुग्णालयांत जाऊन आला. एका डॉक्टरने गुण आला नाही की दुसऱ्याकडे, लहान दवाखान्याने भागले नाही की राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात, ही रीत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. त्या साथीत एकूण १८६ जणांना लागण झाली, ३८ जण दगावले, आणि जवळजवळ सगळा प्रसार आरोग्यसंस्थांच्या भिंतींच्या आतच झाला. सोल येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात २७ ते २९ मे या तीन दिवसांत एकाच रुग्णापासून ८२ जणांना संसर्ग झाला; त्यांत ३३ रुग्ण होते, आठ आरोग्य कर्मचारी होते आणि ४१, म्हणजे निम्मे, सोबत आलेले किंवा भेटायला आलेले नातेवाईक होते. रुग्णामागे दोन माणसे असलीच पाहिजेत, नाहीतर जग काय म्हणेल, असे मानणाऱ्या समाजाने हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा असा आहे.

या सर्व दाखल्यांवरून दवाखान्याची प्रत्येक फेरी घातकच, असा अर्थ काढावा तर कोविडच्या पहिल्या लाटेतील बॉस्टनचा अभ्यास आडवा येतो. गरोदर स्त्रियांना तपासणीसाठी वारंवार यावेच लागते आणि तिथल्या रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सर्वांची कोविड चाचणी होत होती, त्यामुळे फेऱ्यांची संख्या आणि लागण यांचा संबंध तपासण्याची आयती सोय झाली. चार रुग्णालयांतील ९३ बाधित स्त्रियांची तुलना ३७२ अबाधित स्त्रियांशी केली गेली. बाधित स्त्रियांच्या फेऱ्या सरासरी ३.१ होत्या, तर अबाधितांच्या ३.३, म्हणजे जास्त फेऱ्या केलेल्यांना जास्त लागण झाली असे काही दिसले नाही. तिथे त्या काळात मुखपट्टी सर्वांना सक्तीची होती, लक्षणे असलेल्यांना दारातच वेगळे काढले जात होते आणि बऱ्याच भेटी फोनवर उरकल्या जात असल्याने प्रतीक्षागृहे ओस पडली होती. फेरी तीच, पण बाकड्यावरचा वेळ आणि शेजार गेला, तेव्हा धोकाही जवळपास गेला, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी हवेचा हिशेब थोडा मांडावा लागतो. माणूस बोलतो, खोकतो किंवा नुसता श्वास सोडतो तेव्हा त्याच्या श्वसनमार्गातून द्रवाचे लहानमोठे थेंब बाहेर पडतात. त्यांतले मोठे तुषार एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र धुरासारखे तरंगत राहून सगळ्या खोलीत पसरतात. मोठ्या तुषारांपासून अंतर वाचवते, तरंगणाऱ्या कणांपासून अंतर फारसे वाचवत नाही. तिथे हवा किती वेळा बदलते यावर सगळे अवलंबून असते. खोलीच्या घनफळाइतकी ताजी हवा तासाभरात जितक्या वेळा आत येते त्या संख्येला ‘हवा-बदल’ म्हणतात. गढूळ पाण्याच्या टाकीत एकीकडून स्वच्छ पाणी सोडले आणि दुसरीकडून तितकेच वाहू दिले तर गढूळपणा एकदम न जाता हळूहळू विरळ होतो, तसेच हवेचेही होते. तासाला दोन हवा-बदल होणाऱ्या खोलीतले ९९ टक्के तरंगते कण निघून जायला १३८ मिनिटे लागतात, सहा हवा-बदल असतील तर ४६ मिनिटे, आणि बारा असतील तर २३ मिनिटे.

हवा किती शिळी झाली, हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्रानेही कळते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो आणि माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० भाग. तेव्हा खोलीतला आकडा २,००० वर गेला असेल, तर तिथे बसलेला माणूस घेत असलेल्या हवेपैकी सुमारे चार टक्के हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुफ्फुसातून नुकतीच बाहेर पडलेली असते, म्हणजे दर पंचवीस श्वासांत एक श्वास उसना असतो. यावरून बाधित माणूस खोलीत आहे की नाही हे ठरत नाही, पण असलाच तर काय होईल याचा अंदाज येतो.

महाराष्ट्रातील शहरी दवाखाना या हिशेबात कुठे बसतो, हे पाहण्यासाठी यंत्राचीही गरज नाही. रस्त्यावरचा शटरचा गाळा, रुंदीला दहा फूट आणि खोलीला पंधरा-वीस फूट. मधोमध प्लायवूडचे पार्टिशन. पुढच्या भागात भिंतीला लागून रेक्झिनची बाके, कोपऱ्यात कंपाउंडरचे टेबल आणि वरती आवाज बंद केलेला टीव्ही. मागच्या भागात डॉक्टरांची खुर्ची, तपासणीचा उंच पलंग आणि त्याच्याभोवती हिरवा पडदा. खिडकी असलीच तर मागच्या बोळाकडे उघडणारी एक, आणि तिच्या जागी बहुधा एसी बसवलेला असतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची हवा आत आणत नाही, ही गोष्ट एसी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पुढचे काचेचे दार गारवा जाऊ नये म्हणून लावलेले असते आणि पावसाळ्यात, म्हणजे तापाच्या ऐन हंगामात, बाकांवर दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसलेली असतात.

सार्वजनिक रुग्णालयाची ओपीडी जागेने मोठी असली तरी तिथे रांगांची मालिका असते. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग, डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग, रक्त देण्याची, एक्स-रेची आणि शेवटी औषधाच्या खिडकीची, अशा चार-पाच ठिकाणी नंबर लावून रुग्णाची सकाळ जाते. तपासणीला मात्र किती वेळ मिळतो? ६७ देशांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१७ मधील एका आढाव्यात भारतातील प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास निघाला. स्वीडनमध्ये तो २२ मिनिटांहून अधिक होता. दोन मिनिटांच्या कामासाठी दोन-तीन तास थांबणारा रुग्ण संसर्गाचा धोका डॉक्टरांच्या टेबलापाशी पत्करत नाही, तर त्याआधीच्या आणि नंतरच्या वेळात पत्करतो, आणि हा वेळ वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे निरुपयोगी असतो.

२०२० मध्ये केले गेलेले उपाय या कसोटीवर लावून पाहिले तर चित्र फारसे समाधानकारक दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० च्या अखेरीस कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते; जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिल्यानंतर तिने भूमिका सैल केली, तरी सूक्ष्म कणांच्या प्रसाराला नि:संदिग्ध स्थान मिळायला २०२१ चा एप्रिल उजाडला. मधल्या काळात दवाखान्यांनी पृष्ठभाग पुसले, दारात तापमापक पिस्तुले रोखली, टेबलांपुढे प्लास्टिकचे पडदे टांगले आणि काही ठिकाणी माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदेही उभारले. माणसांवर अशी फवारणी निरुपयोगी व अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये लेखी सांगावे लागले. तापमापकाची मर्यादा वेगळी होती: कोविडच्या संसर्गाचा मोठा वाटा लक्षणे दिसण्यापूर्वीच पुढे जातो, त्यामुळे ज्याला ताप नाही तो निर्धोक, हे गृहीतच चुकीचे होते. प्लास्टिकच्या पडद्यांनी समोरून येणारे तुषार अडवले खरे, पण आधीच कोंदट असलेल्या गाळ्यात हवेची वाटही अडवली. या काळातील खरोखर उपयोगी पडलेला उपाय सर्वांत स्वस्त होता, तो म्हणजे आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या, लक्षणे असोत वा नसोत, तोंडावरची मुखपट्टी.

दुसरा मोठा उपाय म्हणजे दारच बंद करणे. दिल्लीच्या एम्सने मार्च २०२० मध्ये ओपीडी बंद केली, देशभर अनेक रुग्णालयांनी नेहमीच्या तपासण्या थांबवल्या आणि मुंबई-पुण्यातले असंख्य खासगी दवाखाने काही आठवडे उघडलेच नाहीत. डॉक्टरांची भीती समजण्यासारखी होती. साठीच्या पुढचे फॅमिली डॉक्टर, अपुरी संरक्षक साधने आणि वर वर्णन केलेला गाळा, हे तिन्ही एकत्र आल्यावर शटर खाली ओढण्याचा निर्णय भेकडपणाचा म्हणता येत नाही. परंतु त्याचा हिशेब दुसरीकडे चुकता झाला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच काळाशी केली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी, फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी आणि बाह्यरुग्ण विभागात दिली जाणारी केमोथेरपी ३७ टक्क्यांनी घटलेली आढळली. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाच्या २४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता, तो ओपीडीपर्यंत पोहोचत नव्हता, आणि निदान न झालेला क्षयरोगी टाळेबंदीत दहा बाय दहाच्या खोलीत घरच्यांबरोबर कोंडलेला होता. लसीकरणाच्या चुकलेल्या फेऱ्यांचे परिणाम आणखी उशिरा दिसले. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली, तेव्हा लशीच्या मात्रा राहून गेलेल्या मुलांची संख्या किती साचली होती, हे उघड झाले.

काही रुग्णांना मात्र घरी बसण्याचा पर्यायच नव्हता. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी जावे लागते, दर वेळी चार तास त्याच हॉलमध्ये, ओळीने लावलेल्या यंत्रांपैकी एकाला जोडून पडून राहावे लागते, आणि त्याची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असते. संसर्गाची सर्वाधिक भीती ज्याला असायला हवी त्यालाच सर्वाधिक वेळा बाहेर पडावे लागते, अशी ही स्थिती आहे. उलट ज्यांच्या फेऱ्या खरोखर टाळता येण्यासारख्या होत्या त्यांच्यासाठी वाटा निघाल्या: २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर होऊन फोनवरच्या सल्ल्याला प्रथमच स्पष्ट नियम मिळाले, एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेची ओपीडी सुरू झाली, आणि एचआयव्हीच्या रुग्णांना एका वेळी अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय वाढवण्यात आली. रक्तदाबाच्या रुग्णाने तीच गोळी लिहून घेण्यासाठी दर महिन्याला अर्धा दिवस रांगेत काढावा, या प्रथेमागे वैद्यकीय कारण कधीच नव्हते. ती मोडायला साथ यावी लागली, एवढेच.

उरते ती इमारत. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांमधील हवा मोजणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयात त्याच्याइतका उद्बोधक मजकूर दुसरा नसावा. दारेखिडक्या उघडल्यावर त्या खोल्यांत तासाला सरासरी २८ हवा-बदल झाले; यांत्रिक वायुवीजनाचे शिफारस केलेले प्रमाण मात्र १२ आहे. त्यातही १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हा आकडा ४० होता, तर आधुनिक खोल्यांत १७. खिडक्या बंद ठेवल्या तर २४ तास क्षयरोग्याच्या सान्निध्यात राहिलेल्या दर १०० जणांपैकी ९७ जणांना संसर्ग होईल, जुन्या इमारतीत खिडक्या उघडल्या तर ११ जणांना, असे गणित संशोधकांनी मांडले. एकोणिसाव्या शतकातल्या रुग्णालयांची आखणी दूषित वायूमुळे रोग होतो या चुकीच्या सिद्धांतावर झाली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये आग्रहाने मांडलेली आरपार वाऱ्याची वॉर्डरचना त्याच समजुतीतून आलेली. जंतू सापडल्यावर सिद्धांत बाद झाला आणि त्याबरोबर खिडक्याही लहान होत गेल्या. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या १८६७ च्या दगडी इमारतीकडे पाहून तिच्या जुनाटपणाची कीव करणाऱ्याने लिमाचे आकडे जवळ ठेवावेत.

भारतात हे ज्ञान कागदावर नव्हते असेही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१० मध्येच, क्षयरोगाच्या संदर्भात, आरोग्यसंस्थांतील हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. खोकणाऱ्या रुग्णाला ओळखून वेगळे बसवावे आणि त्याचा नंबर आधी घ्यावा, प्रतीक्षेची जागा शक्य तेथे उघडी व हवेशीर असावी, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या बसण्याची रचना अशी करावी की वारा रुग्णाकडून डॉक्टरकडे न वाहता दोघांच्या मधून आडवा जावा, अशा सूचनांना पैसा जवळजवळ लागत नाही. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात त्यांपैकी अर्ध्या आपोआप पाळल्या जातात. शहरातील भाड्याच्या गाळ्यात त्या पाळण्यासाठी एसी बंद करून मागचे-पुढचे दार उघडावे लागते, आणि मग धूळ, डास, रस्त्यावरचे हॉर्न व रुग्णांची कुरकुर यांना तोंड द्यावे लागते. बालरोगतज्ज्ञांपैकी पुष्कळांनी लसीकरणाची वेळ सकाळी आणि आजारी मुलांची वेळ संध्याकाळी ठेवून वेगळा मार्ग काढला आहे. डिकाल्बचा तो एक तास ध्यानात घेता, दोन्हींच्या मध्ये दुपारची मोकळी वेळ असणे हा त्या मार्गाचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो.

साथ ओसरल्यावर यातले काय टिकले, याचे उत्तर विभागानुसार बदलते. फोनवरचा सल्ला मानसोपचार, त्वचारोग आणि फेरतपासणी यांत स्थिरावला, कारण तिथे रुग्णाला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत दारातला क्यूआर कोड मोबाइलने टिपून केसपेपर काढण्याची सोय २०२२ च्या अखेरीपासून पसरत गेली आणि नोंदणीच्या खिडकीपुढची रांग तिने आखूड केली. डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग मात्र डॉक्टरांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि केसपेपर लवकर हातात पडलेला रुग्ण आता त्या रांगेत लवकर येऊन बसतो.